समुद्राची विद्या व आमचीं मुलें

(सिरसाळा येथें पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या सभेचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस हसूं आलें असेल. समुद्र येथून साडेतीनशें किलोमीटरांहूनही दूर. कामाच्या किंवा दवाखान्याच्या निमित्तानें मुंबईस जाऊन चौपाटीवर पाय भिजवून आलेलीं माणसें सोडलीं, तर समुद्राशीं आमची सोयरीक ती काय? परवां पारावर एका वडीलधाऱ्या बाबांनीं आम्हांस हटकलेंच, "गुरुजी, इकडे विहिरीनें तळ गांठला आणि तुम्ही पोरांना समुद्र कशाला सांगतां?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यासाठींच आम्ही आज उभे आहों.

प्रथम हें सांगतों कीं, हा विषय आम्हीं हौसेनें घेतलेला नाहीं. आमच्याच शाळेंत शिकून गेलेला एक मुलगा. त्याचें नांव सांगत नाहीं, कारण तें घर आधींच लाजेनें वाकलेलें आहे. मुलगा दहावी पास झाला. एका मोठ्या शहरांतील एजंटानें त्याच्या बापास सांगितलें, बोटीवर नोकरी लावून देतों, महिना लाखाचा पगार, फक्त तीन लाख रुपये आगाऊ भरा. बापानें दोन एकर रान गहाण टाकलें. मुलाच्या हातांत शिक्क्याचा एक कागद पडला आणि परदेशांतील एका बंदराचें नांव पडलें. मग तो भाड्याच्या खोलींत आणखी अकरा मुलांबरोबर पांच महिने बोलावण्याची वाट पाहात बसला. एके दिवशीं फोन लागेनासा झाला. कचेरीवर जाऊन पाहतात तों कुलूप. गेल्या हंगामांत तो मुलगा कोयता घेऊन ऊसतोडीला गेला, तो या कर्जाच्या व्याजापायीं गेला.

येथें एजंटास चार शिव्या देऊन आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु खरें तें सांगितलें पाहिजे. हा मुलगा दहावींत असतां त्यानें आम्हांस एकदां विचारलें होतें, "गुरुजी, बोटीवर जायला काय शिकावें लागतें?" आणि आम्हीं हसून म्हटलें होतें, "आधीं परळीला तर जा." त्या हसण्याची किंमत दोन एकर रान झाली. मुलगा मंद नव्हता. गणितांत चांगला होता. बाप आळशी नव्हता. दरवाजा कोठें आहे हें त्यांना कोणीं सांगितलें नाहीं, म्हणून खोटी किल्ली विकणाऱ्याच्या हातीं ते सांपडले. पूर्वीं पोथींतलें ज्ञान दडवून ठेवून आमच्या आजा-पणजांकडून दक्षिणा उकळली गेली. आज अर्जाचें आणि परीक्षेचें ज्ञान दडवून ठेवून दलाली उकळली जाते. वेष बदलला, धंदा तोच. तेव्हां आज आम्ही जें सांगणार आहों, तें त्या दिवशीं न सांगितलेलें उत्तर आहे.

आतां बाबांच्या प्रश्नाकडे वळतों. विहिरीला पाणी नाहीं म्हणूनच समुद्राचें ज्ञान हवें. आमच्या रानांत पडणारा पाऊस येतो कोठून? मृग लागला कीं आपण पश्चिमेकडे पाहतों. अरबी समुद्रावरून येणारे वारे पाण्याची वाफ पाठीवर घेऊन येतात, सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतेक ओझें टाकतात, आणि घाट ओलांडून आमच्याकडे येतात ते जवळ जवळ रिकामे. म्हणून कोंकणांत ओढे दुथडी वाहतात आणि आम्ही आभाळाकडे तोंड करून बसतों. श्रावण-भाद्रपदांत आमच्याकडे जो चांगला पाऊस होतो, त्यांतील पुष्कळसा बंगालच्या उपसागरांत तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळें होतो. म्हणजे पश्चिमेचा समुद्र आणि पूर्वेचा समुद्र हे दोन आमचे खरे पाटकरी आहेत.

इतकेंच नव्हे. हजारों कोस दूर असलेल्या पॅसिफिक महासागराचें पाणी तापलें, तर त्याचा चटका आमच्या ज्वारीला बसतो. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावरील कोळ्यांना कांहीं वर्षीं नाताळाच्या सुमारास पाणी ऊन झालेलें व मासळी नाहींशी झालेली आढळे. त्यांनीं त्यास 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असें नांव दिलें. शास्त्रज्ञांनीं तें नांव या कोळ्यांकडून घेतलें, हें ध्यानांत ठेवा. शास्त्राचा आरंभ पुष्कळदां हातानें काम करणाऱ्याच्या नजरेंत असतो. २०१५ सालीं एल निनो जोरांत होता. मराठवाड्यांत दुष्काळ पडला आणि एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. परंतु १९९७ सालीं एल निनो कांहीं कमी नव्हता, तरी देशांत पाऊस जवळ जवळ नेहमीइतका झाला. कारण हिंदी महासागराचीही एक तऱ्हा आहे. कधीं त्याची पश्चिम बाजू तापते व पूर्व बाजू थंड होते. तसें झालें कीं आमच्या पावसास आधार मिळतो, आणि त्या सालीं तसें झालें होतें. ही तऱ्हा १९९९ सालीं भारतीय व जपानी शास्त्रज्ञांनीं मिळून उघड केली.

हें कोणीं पंचांग उघडून सांगितलें नाहीं. जगभरच्या समुद्रांत सुमारें चार हजार यंत्रें सोडलेलीं आहेत. साधारण दर दहा दिवसांनीं एकेक यंत्र दोन हजार मीटर खोल बुडी मारतें आणि वर येतांना पाण्याची उष्णता व खारटपणा मोजून उपग्रहास कळवितें. तीं यंत्रें तयार करणारीं, बोटीवरून सोडणारीं, त्यांचे आंकडे वाचणारीं माणसेंच आहेत. दुष्काळांत ग्रहशांतीसाठीं आम्ही गांठीचा पैसा काढतों. त्या माणसांत आपलें पोर असावें, असें मात्र आमच्या मनांत येत नाहीं.

आणखी एक हिशेब पाहा. जगांतील व्यापारी मालापैकीं शेकडा ८० हून अधिक माल समुद्रावाटे जातो. आपण रानांत टाकतों त्या खतांतील पोटॅश बोटीनें येतें. फोडणीचें पामतेल बोटीनें येतें. ट्रॅक्टरांतील डिझेल ज्या खनिज तेलापासून होतें, तें बहुतेक बोटीनें येतें. आपला कापूस व आपली साखर परदेशीं जाते ती बोटीनेंच. बोटीचें भाडें चढलें कीं खताची गोणी चढते. म्हणजे समुद्राचा खर्च आम्ही आजही भरतोंच. त्यावरची विद्या आणि मिळकत तेवढी दुसऱ्याच्या घरीं जाते.

ती दुसऱ्याच्या घरीं कां गेली, याचाही इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रप्रवास पातकांत धरला आहे. पुढें कलियुगांत वर्ज्य असलेल्या गोष्टींच्या यादींत तो घातला गेला. एकोणिसाव्या शतकांत विलायतेहून परत आलेल्या माणसांस प्रायश्चित्त घ्या म्हणून छळलें जात होतें. गंमत अशी कीं, ज्यांच्यावर शास्त्र लादलें जात होतें, ते कोळी, भंडारी, गाबीत, खारवी बांधव पिढ्यान्‌ पिढ्या समुद्रावरच जगत होते. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचा पाया घातला, आरमार उभारलें, तें यांच्याच बळावर. १६७९ सालीं खांदेरीच्या बेटावर इंग्रजांशीं झुंज झाली, तेव्हां आरमाराचे पुढारी मायनाक भंडारी आणि दौलतखान हे होते. ज्यांस शास्त्र वाचण्याचा अधिकार नव्हता, त्यांनीं राज्याचा समुद्र राखला. आणि राजर्षि शाहू छत्रपति १९०२ सालीं समुद्र ओलांडून विलायतेस गेले, त्यायोगें करवीरची रयत बुडाली नाहीं. उलट त्याच सालीं त्यांनीं मागासलेल्या वर्गांसाठीं नोकरींत शेकडा ५० जागा राखल्या.

इंग्रजी अमलांत आगबोटी आल्या. त्यांवर हिंदी माणसें पुष्कळ होतीं, पण कोठें? बोटीच्या पोटांत, भट्टीपुढें फावड्यानें कोळसा ओढीत. कोंकणांतील किती तरी घरांतील पुरुष अशी खलाशाची नोकरी करीत आयुष्य घालवून गेले. वर सुकाणूपाशीं, नकाशापुढें, गणवेष घालून उभा राहणारा गोरा. खलाशास बोट माहीत नव्हती असें नव्हे. त्याच्या हातांत तिची नाडी होती. परंतु ताऱ्यांवरून व सूर्यावरून बोटीची जागा काढण्याचें गणित त्याला कोणीं शिकविलें नाहीं, आणि परीक्षेचा कागद त्याच्या भाषेंत नव्हता. श्रम आमचे, हुकूम दुसऱ्याचा. शेतांत, गिरणींत आणि बोटींत तऱ्हा एकच.

१९१९ सालीं दोन गोष्टी घडल्या. ५ एप्रिल रोजीं सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. हिंदी मालकीच्या बोटीनें गोऱ्या कंपन्यांशीं चढाओढ करण्याचा तो मोठा प्रयत्न होता. आणि त्याच वर्षीं ४ ऑक्टोबरला कऱ्हाडजवळच्या काले गांवीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. एकानें बोट पाण्यांत लोटली, दुसऱ्यानें बहुजनांचें पोर शाळेंत लोटलें. १९२७ सालीं मुंबईस 'डफरिन' नांवाची शिक्षणनौका सुरू झाली व हिंदी मुलांस बोटीवरील अधिकाऱ्याचें शिक्षण मिळूं लागलें. 'डफरिन'च्या जागीं १९७२ सालीं 'राजेंद्र' आली, १९९३ पासून नव्या मुंबईंत 'चाणक्य' आली. ही संस्था आज २००८ सालीं संसदेच्या कायद्यानें स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची एक शाखा आहे. त्याची दुसरी शाखा मुंबई बंदरांत आहे आणि मुख्य ठाणें चेन्नईस आहे. दरवाजा उघडून शंभर वर्षें होत आलीं. आम्ही उंबऱ्यापर्यंत पोंचलों नाहीं, एवढेंच.

आतां दरवाजे एकेक करून सांगतों. मुलांनीं नीट ऐकावें आणि बापांनीं त्याहून नीट ऐकावें.

पहिला दरवाजा बोट चालविण्याचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे तीन विषय हवेत, त्यांत मिळून शेकडा ६० च्या आसपास गुण हवेत, आणि इंग्रजींत किमान निम्मे. सागरी विद्यापीठाची सर्व देशासाठीं एक प्रवेशपरीक्षा दर वर्षीं होते. तींतून तीन वर्षांचा नौकानयनाचा पदवीचा अभ्यासक्रम मिळतो. एक वर्षाचा डिप्लोमाही आहे, पण त्यांत पुढें बोटीवर अधिक दिवस उमेदवारी करावी लागते. पदवीनंतर वर्षभर बोटीवर शिकाऊ म्हणून काम, मग सरकारची तोंडी व लेखी परीक्षा, मग तिसऱ्या अधिकाऱ्याची जागा. तेथून पायरी पायरीनें, दर पायरीस परीक्षा देत, आठ-दहा वर्षांत कप्तान होतां येतें. यास डोळे चांगले लागतात. नजर चष्म्यावांचून साफ हवी आणि लाल-हिरवा रंग बिनचूक ओळखतां आला पाहिजे, कारण रात्रीं समोरच्या बोटीच्या दिव्याच्या रंगावरून ती कोणत्या बाजूनें चालली आहे हें ठरतें.

दुसरा दरवाजा इंजिनाचा. तोच बारावीचा अभ्यास, तीच प्रवेशपरीक्षा, आणि चार वर्षांची पदवी. चष्मा असला तरी ठरलेल्या मर्यादेंत चालतो. ज्यानें यंत्रशास्त्राची इंजिनियरिंगची पदवी आधींच घेतली आहे, त्याला एक वर्षाचा जादा अभ्यासक्रम करून इकडे येतां येतें. विजेची पदवी असेल तर कांहीं महिन्यांचा. हें काम आमच्या मुलांस परकें वाटण्याचें कारण नाहीं. परळीच्या वीजकेंद्रांत पाण्याची वाफ कशी करतात आणि ती चक्र कशी फिरवते, हें येथल्या कित्येक घरांना ठाऊक आहे. साखर कारखान्याची भट्टी व बॉयलर तुम्हीं पाहिला आहे. बोटींतही बॉयलर असतो, पंप असतात, जनरेटर असतात, आणि मोठ्या मालवाहू बोटीचें इंजिन तिमजली घराएवढें उंच असतें. मध्य समुद्रांत तें बंद पडलें तर मिस्त्री बोलावतां येत नाहीं. जें असेल त्यांतून भाग घडवून बसवावा लागतो. लोहाराच्या, सुताराच्या, वेल्डिंगवाल्याच्या घरांत वाढलेल्या पोराच्या हातांत ही अक्कल उपजत आलेली असते. आणि एक गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल: खाऱ्या पाण्याचें गोडें पाणी करण्याचें यंत्र या बोटींवर रोज चालतें. २०१३ सालीं पाण्याअभावीं परळीचें वीजकेंद्र बंद ठेवावें लागलें, त्या आमच्या भागानें ही विद्या शिकूं नये तर कोणीं शिकावी?

तिसरा दरवाजा दहावीनंतरचा, खलाशाचा. सहा महिन्यांचें शिक्षण, वय साडेसतरा ते पंचवीस, दहावीला गणित, शास्त्र व इंग्रजींत ठरलेले गुण. हा दरवाजा खरा आहे, परंतु फसवणूक सर्वांत अधिक येथेंच होते, हें स्पष्ट सांगतों. शिकून तयार झालेलीं मुलें पुष्कळ आणि जागा कमी, त्यामुळें दाखला हातांत घेऊन घरीं बसलेलीं मुलें शहरोशहरीं आहेत. तेव्हां ज्याला बारावीपर्यंत जातां येईल, त्यानें घाईनें हा रस्ता धरूं नये.

चौथा दरवाजा बोटीवर जाण्याचा नव्हे. समुद्र व पाणी यांच्या शास्त्राचा. आणि हा आमच्या दाराशीं आहे. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यांत उदगीर येथें मत्स्यविज्ञानाचें सरकारी महाविद्यालय आहे. समुद्र कोठें आणि उदगीर कोठें! पण तेथें चार वर्षांत माशांची पैदास, तळ्याच्या पाण्याची परीक्षा, रोग, जाळीं व मासळी टिकविण्याची कला शिकवितात. बारावीला विज्ञान घेऊन राज्याच्या प्रवेशपरीक्षेनें तेथें जातां येतें, आणि बोटीच्या शिक्षणापेक्षां तेथील फी पुष्कळ कमी. तसेंच महाविद्यालय रत्नागिरीस शिरगांवला आहे. पुढें शिकणाऱ्यासाठीं मुंबईस वर्सोव्याची १९६१ सालची केंद्रीय संस्था आहे. माजलगांवच्या धरणावर, गांवोगांवच्या तलावांवर आमचे भोई बांधव जाळें टाकतात. त्यांच्या घरांतील एक मुलगा किंवा मुलगी ही विद्या घेऊन परत आली, तर तलावाचा ठेका दुसऱ्याच्या खिशांत जाणार नाहीं.

याहून पुढें जाणाऱ्यास गोव्यांत दोना पावला येथें राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १ जानेवारी १९६६ रोजीं ती स्थापन झाली. आणि ज्या हैदराबादच्या अमलाखालीं आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत होता, त्या हैदराबादेंत, समुद्रापासून इतक्या दूर, १९९९ सालापासून देशाचें समुद्रवार्ता केंद्र आहे. मासळी कोठें सांपडण्याचा संभव आहे हें तेथून उपग्रहाच्या आधारें कोळ्यांस कळवितात. उंच लाटांची सूचना देतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत हजारों माणसें मेलीं, कारण सूचना देणारें कोणी नव्हतें. २००७ पासून ती सूचना हैदराबादेहून दिली जाते. समुद्राचें काम करण्यास समुद्राकांठीं जन्मावें लागत नाहीं, याहून दुसरा पुरावा कशास हवा?

आतां पैशाचें. लपवीत नाहीं. बोटीच्या पदवीचा खर्च सरकारी विद्यापीठांतही वर्षास लाखाच्या वर जातो, वसतिगृह धरून दोन लाखांच्याही पुढें. खासगी संस्थांत त्याहून अधिक. राखीव जागा आहेत, बँकेचें शिक्षणकर्ज आहे, आणि कांहीं बोट कंपन्या प्रवेशपरीक्षेंत चांगला क्रमांक आलेल्या मुलांस आधींच निवडून नोकरीचें पत्र देतात. त्या पत्रावर बँक कर्ज सुलभतेनें देते. म्हणजे पैशाचा रस्ताही शेवटीं परीक्षेच्या गुणांतूनच जातो. रान गहाण टाकण्याआधीं मुलाचें गणित सुधारा, हें सर्वांत स्वस्त आहे.

आणि कायदा पाठ करून ठेवा. संस्था असो वा नोकरी लावणारी कंपनी असो, तिला केंद्र सरकारच्या मुंबईंतील जहाजवाहतूक खात्याची मान्यता किंवा परवाना लागतो, आणि त्यांच्या याद्या सर्वांस पाहण्यास उघड्या असतात. खलाशांच्या हक्कांचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार आपल्या देशानें २०१५ सालीं मान्य केला आहे. त्याप्रमाणें नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसा घेतां येत नाहीं. पासपोर्ट, समुद्री ओळखपुस्तिका आणि वैद्यकीय दाखला, एवढ्यांचा खर्च उमेदवाराचा. ऊसतोडीचा मुकादम निदान आपणांस उचल देतो आणि मग अंगावर फेडून घेतो. हा बोटीचा एजंट उलट आपल्याकडूनच उचल घेतो! जो नोकरीसाठीं पैसा मागेल तो चोर, एवढें एकच वाक्य आज घरीं घेऊन गेलांत तरी आमचें भाषण फुकट गेलें नाहीं असें आम्ही समजूं.

या जीवनांत सुखच सुख आहे असें सांगून आम्ही दुसरे एजंट होणार नाहीं. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर दिसत नाहीं. घरीं मयत झालें तरी मध्य समुद्रांतून येतां येत नाहीं. इंजिनच्या खोलींत उष्णता भयंकर, वादळांत पोटांत अन्न राहात नाहीं. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत बंदरें बंद झालीं, तेव्हां जगांतील सुमारें चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकून पडले होते. हे हाल आमच्या लोकांस नवे नाहींत. दिवाळी झाली कीं बैलगाडी जुंपून सहा महिने घर सोडणारा हा जिल्हा आहे. पण फरक पाहा. बोटीवर चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांति कायद्यानें ठरलेली आहे, पगार दर महिन्यास द्यावा लागतो, मुदत संपल्यावर घरीं पोंचविण्याचा खर्च मालकाचा. हे हक्क कोणीं दयेनें दिले नाहींत. खलाशांच्या संघांनीं झगडून मिळविले. ऊसाच्या फडांत रात्रीं दोन वाजतां गाडी भरणाऱ्या माउलीस यांतला एकही हक्क आज मिळत नाहीं. शिकलेल्या पोरानें बोटीवर जाऊन हे हक्क पाहिले, तर परत येऊन तो फडांतही ते मागेल, अशी आम्हांस आशा आहे.

भगिनींनो, आपल्यासाठीं वेगळें सांगणें आहे. नागपुरांत जन्मलेल्या अदिती पंत या समुद्रशास्त्रज्ञ १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेंतून बर्फाच्या अंटार्क्टिका खंडावर गेल्या. त्या व सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी तेथें जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. केरळच्या राधिका मेनन २०१२ सालीं आपल्या देशांतील व्यापारी बोटीच्या पहिल्या स्त्री कप्तान झाल्या. जून २०१५ मध्यें बंगालच्या उपसागरांत वादळांत बुडूं लागलेल्या होडींतील सात मच्छीमारांस त्यांनीं आपली प्रचंड तेलवाहू बोट वळवून वांचविलें, आणि २०१६ सालीं शौर्याचें आंतरराष्ट्रीय बक्षीस मिळविलें. आणि आमच्या जिल्ह्यांत काय चाललें आहे? फडावर जातांना पोरगी एकटी मागें कशी ठेवावी, म्हणून पंधराव्या वर्षीं तिचे हात पिवळे करतात. त्या सात माणसांच्या घरच्या चुली ज्या बाईमुळें पेटत राहिल्या, तिचें लग्न जर पंधराव्या वर्षीं झालें असतें, तर त्या चुली विझल्या असत्या. याचा विचार प्रत्येक बापानें आज रात्रीं जेवण्यापूर्वीं करावा.

शेवटीं, काय करावयाचें तें सांगतों. बोटीचें शिक्षण बारावीनंतर नव्हे, आठवींत सुरू होतें. जें मूल आठवींत अपूर्णांकास भ्यालें, तें पुढें ताऱ्यांवरून बोटीची जागा काढणार नाहीं. म्हणून उद्यांपासून रोज सायंकाळीं दिवेलागणीनंतर एक तास आम्ही शाळा उघडी ठेवूं. त्यांत गणित आणि इंग्रजी, दुसरें कांहीं नाहीं. फी नाहीं. मुली आल्याच पाहिजेत. त्यांना घरीं पोंचविण्यास आलटून पालटून एकेका आळीचे बाप येतील, असें ठरवूं या. जीं घरें ऊसतोडीला जातात, त्यांनीं मुलांस फडावर नेऊं नये. आजी-आजोबांपाशीं ठेवावें, नाहींतर हंगामी वसतिगृहासाठीं आम्हांकडे नांव द्यावें, अर्ज आम्ही लिहूं. मुलांचे डोळे एकदां तपासून घ्या. रंग ओळखतां येत नाहींत हें बारावीनंतर कळलें तर चार वर्षांची आशा फुकट जाते. विहिरीला पाणी असेल त्या दिवसांत, मोठें माणूस कांठावर उभें असतां, पोरांस पोहावयास शिकवा. आणि कोणीही नोकरीचा कागद दाखवून पैसे मागितले, तर तो कागद आधीं शाळेंत आणा. रात्रीं बारा वाजतां आणला तरी आम्ही कंदील घेऊन वाचूं. यापुढें हसणार नाहीं.

बारशा-लग्नांत आणि जेवणावळींत जो पैसा धुरांत जातो, त्यांतला चौथा हिस्सा जरी मुलांच्या पुस्तकांस लावला, तरी दहा वर्षांत या पटांगणांतून एखादा कप्तान, एखादी समुद्रशास्त्रज्ञ, एखादा बोटीचा इंजिनियर निघेल. त्या दिवशीं पारावरच्या आमच्या बाबांना तो पोरगा सांगेल कीं, "बाबा, यंदा पश्चिमेकडचें पाणी तापलें आहे, पूर्वेकडचें थंड आहे, पाऊस बरा होईल, तूर पेरा." तें ऐकण्यास बाबा शतायुषी होवोत.

आणि तो कोयता घेऊन गेलेला मुलगा. त्याचें वय अजून एकोणीस आहे. हंगाम संपवून तो परवां आला. बारावीचा अर्ज आम्हीं त्याच्या घरीं बसून भरला आहे. तो संध्याकाळच्या तासाला येणार आहे, आणि त्याच्या शेजारीं आपल्या मुलांनीं बसावें, एवढी आमची विनंति आहे.